आकाशाचा पंचनामा

पोलिसांच्या पंचनाम्यात सोनं नसतं. मयत बाईच्या बोटातली अंगठी कितीही लखलखीत असो, शेजारी उभा असलेला मुलगा 'आईच्या लग्नातली आहे हो' म्हणून रडत असो, हवालदार लिहितो, 'उजव्या हाताच्या बोटात पिवळ्या धातूची अंगठी.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे लक्षात आलं की तो हवालदार माझ्यापेक्षा शहाणा आहे. त्याला दिसलं ते पिवळं. सोनं की पितळ हे सराफ सांगेल, कस लावून, नंतर. पाहणाऱ्याने पाहिलेलं लिहायचं आणि ठरवणाऱ्याने ठरवायचं. दोन कामं, दोन माणसं, दोन कागद.

आकाशात काहीतरी विचित्र पाहिलं असं सांगत येणाऱ्या सामान्य नागरिकांच्या जबान्या लष्कराने घेतल्या, त्याला आता पाऊणशे वर्षं होऊन गेली. अमेरिकन वायुदलाच्या त्या फायली बऱ्याच काळापासून खुल्या आहेत. त्या चाळताना मला सारखा तो हवालदार आठवतो. जबानी घेणाऱ्यांनी अनेकदा 'पिवळा धातू' असंच प्रामाणिकपणे लिहिलं होतं. वरच्या टेबलावर कुणीतरी ते खोडून 'पितळ' केलं. आणि खोडलेलं दिसतंय म्हटल्यावर गावाने ते 'सोनं'च होतं अशी खूणगाठ बांधली.

पहिलीच फाईल घ्या. २४ जून १९४७, मंगळवार, दुपारचे तीन वाजायला आलेले. केनेथ आर्नल्ड हा बत्तीस वर्षांचा गृहस्थ वॉशिंग्टन राज्यातल्या शहेलिसहून याकिमाकडे स्वतःचं छोटं विमान घेऊन निघाला होता. धंदा आग विझवण्याची उपकरणं विकण्याचा, घर आयडाहोतल्या बॉइझीला. वाटेत माउंट रेनिअरच्या आसपास लष्कराचं एक वाहतुकीचं विमान बेपत्ता झालं होतं, शोधणाऱ्याला पाच हजार डॉलरचं बक्षीस होतं, म्हणून हा थोडा वेळ तिथे घिरट्या घालत होता. उंची नऊ हजार दोनशे फूट, हवा स्वच्छ. अचानक त्याच्या विमानावर लख्ख उजेड पडला. पाहतो तर उत्तरेकडून नऊ वस्तू ओळीने येताहेत, डोंगरांच्या अंगालगत, पतंगाच्या शेपटीसारख्या हेलकावत.

इथे आर्नल्डने काय केलं ते मला फार आवडतं. काचेचा खेळ असेल म्हणून त्याने खिडकी खाली केली. त्या वस्तू शेवटपर्यंत तशाच दिसत राहिल्या. मग विमानातल्या घड्याळावर नजर ठेवून पहिली वस्तू रेनिअर शिखर ओलांडते तेव्हापासून शेवटची माउंट ॲडम्स ओलांडते तोवरचा वेळ मोजला. एक मिनिट बेचाळीस सेकंद. दूरवर एक डीसी-४ विमान चाललं होतं. इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू फिरवायचं एक छोटं हत्यार जवळ होतं, ते डोळ्यांसमोर धरून त्याने त्या विमानाचा आणि या वस्तूंचा आकार ताडून पाहिला. जमिनीवर उतरल्यावर नकाशात दोन शिखरांमधलं अंतर भरलं सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. गणित ताशी अडीच हजार किलोमीटरच्या पुढे जात होतं. मोजण्यातली चूक धरून त्याने ते बरंच खाली आणलं, तरी ते आवाजाच्या वेगापेक्षा जास्तच राहिलं. माणसाने विमानातून आवाजाचा वेग ओलांडल्याची पहिली अधिकृत नोंद आहे त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरची. म्हणजे अजून जवळजवळ चार महिने अवकाश होता.

या माणसाला 'परग्रहावरून कुणी आलं' असं तेव्हा वाटलं नव्हतं. आपल्याच सरकारची काहीतरी गुप्त विमानं असतील असं त्याला वाटलं, आणि नसतील तर रशियाची असतील आणि सरकारला कळलं पाहिजे, असंही वाटलं. पेंडल्टन गावात तो आधी एफबीआयच्या कचेरीकडे गेला. दार बंद होतं. म्हणून तो गेला स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत. सरकारी दार बंद असलं की माणूस पत्रकाराच्या दारात जातो, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. बशी पाण्यावर तिरकी भिरकावली तर जशी टप्पे घेत जाईल तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. चालीचं वर्णन वस्तूला चिकटलं आणि दोन दिवसांत देशभर 'उडत्या बशा' झाल्या. मराठीत आल्यावर तबकड्या. त्याने लष्करासाठी काढून दिलेल्या चित्रातली आकृती गोल नाही. पुढे चंद्रकोरीसारखीही त्याने रेखाटली. पण त्यानंतर लोकांना दिसल्या त्या मात्र गोल बशाच, ही गोष्ट जरा बाजूला ठेवून पुढे जाऊ. ती एकटी दुसऱ्या लेखाचा विषय आहे.

लष्कराची माणसं त्याच्या दारात आली १२ जुलैला. लेफ्टनंट फ्रँक ब्राउन आणि कॅप्टन विल्यम डेव्हिडसन, कॅलिफोर्नियातल्या हॅमिल्टन फील्ड तळावरचे गुप्तवार्ता अधिकारी. त्यांनी ऐकून घेतलं, लेखी जबानी घेतली, आणि अहवालात आपलं मत नोंदवलं. त्याचा आशय असा, की या माणसाने जे पाहिलं म्हणून सांगितलं ते त्याने खरोखर पाहिलं असावं. इतका सचोटीचा माणूस काही न पाहता एवढा सविस्तर वृत्तान्त लिहील हे पटत नाही. वस्तू कुणाच्या, कशाच्या, यावर त्यांनी उडी घेतली नाही. हा उत्तम पंचनामा आहे. पिवळा धातू.

(मधल्या आठवड्यात रॉझवेलला तबकडी पडल्याच्या बातमीचं प्रकरण होऊन गेलं होतं. त्यावर इतकं दळण दळलं गेलंय की मी जात्याला हात लावणार नाही.)

पुढचं वळण एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. शिकागोच्या एका मासिक-संपादकाने आर्नल्डला दोनशे डॉलर पाठवले आणि टकोमाजवळच्या मोरी बेटावर तबकडीतून धातूचा चुरा पडल्याची बातमी आहे, ती तपासून ये म्हणून सांगितलं. साक्षीदारच आता तपास अधिकारी झाला. टकोमात पोचल्यावर काही उमगेना, तेव्हा त्याने ज्यांच्यावर विश्वास होता त्यांना बोलावलं, ब्राउन आणि डेव्हिडसनला. ते ३१ जुलैला आले, ऐकलं, आणि रात्रीच परत निघाले, कारण १ ऑगस्टला वायुदलाचा दिन होता आणि विमान तळावर हवं होतं. पहाटे केल्सो गावाजवळ त्यांचं बी-२५ कोसळलं. दोघेही गेले. मोरी बेटाची गोष्ट बनावट निघाली.

आता या दोन मृत्यूंभोवती काय काय विणलं गेलं असेल याची कल्पना वाचकाने स्वतः करावी. मला त्यात दिसतं ते इतकंच, की आर्नल्डशी माणसासारखे बोललेले, त्याच्या सचोटीची लेखी ग्वाही देणारे दोन अधिकारी नाहीसे झाले आणि फाईल उरली. फाईल ओहायोतल्या राइट फील्डला गेली. ज्यांनी आर्नल्डचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांच्या टेबलावर.

तिथे जे. ॲलन हायनेक या तरुण खगोलशास्त्रज्ञाला वायुदलाने सल्लागार नेमलं होतं. त्याने आर्नल्डच्या जबानीवरून गणित मांडलं, आणि ते गणित चोख आहे. आर्नल्ड म्हणतो वस्तू वीस-पंचवीस मैलांवर होत्या, लांबी पंचेचाळीस-पन्नास फूट, आणि इतक्या चपट्या की जाडी लांबीच्या एक-विसांश. पण माणसाच्या डोळ्याला त्या अंतरावर जाडी अशी काही जाणवायची असेल तर ती निदान शंभर फूट तरी हवी. मग लांबी दोन हजार फूट! हे बसत नाही. म्हणजे वस्तू जवळ होत्या. आणि जवळ असतील तर तेवढ्याच वेळात त्यांनी कापलेलं अंतर कमी, म्हणून वेग कमी, इतका कमी की तेव्हाची साधी विमानंही ते करू शकत होती.

आर्नल्डच्या बाजूने भांडणाऱ्यांनी हे गणित कधी नीट खोडलेलं मला दिसलं नाही. बहुतेकांनी त्याच्या सचोटीचीच साक्ष काढली. पण सचोटीने अंतर मोजता येत नाही. मोकळ्या आकाशात, शेजारी ओळखीचं काही नसताना, वस्तू केवढी आणि किती लांब हे डोळ्याला कळत नाही. वैमानिकालाही कळत नाही, न्यायाधीशालाही नाही. एक गोष्ट चुकीची धरली की दुसरी आपोआप चुकते. माणूस शंभर टक्के खरा आणि आकडे पार खोटे, हे एकाच जबानीत सुखाने नांदू शकतं. साक्षीदाराला 'तुमचं अंतर चुकलं' म्हटलं की त्याला 'तुम्ही खोटारडे' असं ऐकू येतं, ही या विषयातली जुनी दुखरी नस आहे.

पण गणित तरी कुठवर पोचलं होतं? आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, इथवर. त्यातून 'काय होतं' हे निघत नाही. आणि वायुदलाच्या फायलीत आर्नल्डच्या नावापुढे शेवटी शेरा पडला तो मृगजळाचा. हायनेकचा कल साध्या विमानांकडे होता. रकान्यात मात्र मृगजळ. माझं वायुदलाशी भांडण आहे ते या एका शब्दावरून. मृगजळ असू शकेल. उन्हाळ्यात, डोंगराळ भागात, हवेचे थर तसे बसले असतील तर शिखरांची टोकं तरंगताना दिसतात. पण 'असू शकेल' हा शेरा नव्हता. आकाश कोरं असेल, कागदावर मात्र रकाना भरलेला हवा, ही जगभरच्या कचेऱ्यांची खोड आहे. तालुक्याच्या ठिकाणी एकदा तरी फाईल हलवलेल्या माणसाला ती कळेल. रिकामा रकाना म्हणजे काम बाकी. आणि बाकी काम वरच्या साहेबाला आवडत नाही.

सुरुवात अशी नव्हती. सप्टेंबर १९४७ मध्ये जनरल नेथन ट्वायनिंग यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की हा प्रकार काल्पनिक नाही, काहीतरी प्रत्यक्ष आहे, नीट अभ्यास व्हावा. त्यातून प्रोजेक्ट साइन निघाला, मग ग्रज, मग १९५२ पासून ब्लू बुक. त्याच वर्षी जुलैत राजधानी वॉशिंग्टनच्या रडारवर सलग दोन शनिवार-रविवार ठिपके उमटले आणि देशभरातून तक्रारींचा पूर आला. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ बसवलं. मंडळाला तबकड्यांची भीती वाटली नाही, लोकांची वाटली. खरंच रशियाची विमानं आली आणि त्याच रात्री लोक तबकड्या पाहिल्याचे फोन करत बसले, तर संदेशांचे मार्ग तुंबतील. म्हणून लोकांची या विषयातली गोडी कमी करावी, गूढाची हवा काढून घ्यावी, अशी शिफारस झाली.

सेनापतीच्या खुर्चीत बसून पाहिलं तर ही काळजी चुकीची म्हणता येणार नाही. पण तिच्यातून जो नियम आला तो वाचून मी थक्क झालो. ऑगस्ट १९५३ चा वायुदलाचा २००-२ क्रमांकाचा आदेश. त्यातली एक तरतूद अशी, की एखाद्या घटनेची माहिती पत्रकारांना द्यायची ती, वस्तू ओळखीची निघाली असेल तरच. ओळख पटली नसेल तर तोंड बंद. म्हणजे उकललेलं तेवढं बाहेर, न उकललेलं आत. याचा परिणाम काय होईल हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. वाचकाला दर वेळी 'फुगा होता', 'शुक्र होता', 'उल्का होती' एवढंच ऐकू येणार. आणि शेजारच्या गल्लीतल्या ज्याला उत्तरच मिळालं नाही तो सांगत सुटणार की हे लपवताहेत. आणि तो खोटं बोलत नव्हता. लपवतच होते, लपवत होते ते आपलं अज्ञान.

लपवण्यासारखं आणखीही काही होतं. १९५५ पासून यू-२ हे टेहळणी विमान साठ हजार फुटांच्या वर उडायला लागलं. प्रवासी विमानं तेव्हा त्याच्या निम्म्या उंचीवरही क्वचितच. खाली सूर्य मावळून अंधार पडलेला, वर त्याच्या रुपेरी पंखांवर अजून ऊन. खालच्या वैमानिकाला ते जळतं काहीतरी दिसणारच. सीआयएच्याच नियतकालिकात एका इतिहासकाराने १९९७ साली लिहिलं की ब्लू बुकची माणसं अशा तक्रारी आल्या की यू-२ च्या वेळापत्रकाशी ताडून पाहत, आणि तक्रारदाराला खरं कारण सांगता येत नसल्याने हवेतल्या बर्फाच्या कणांचं किंवा तापमानाच्या थरांचं काहीतरी सांगून वाटेला लावत. असे प्रसंग किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण एकही असला तरी पुरे. त्या माणसाने बरोबर पाहिलं होतं, बरोबर कळवलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या सरकारने त्याला त्याच्याच डोळ्यांविषयी खोटं सांगितलं.

मग मार्च १९६६. मिशिगनमध्ये डेक्स्टरजवळ एका कुटुंबाने आणि दुसऱ्याच दिवशी हिल्सडेलच्या महाविद्यालयात वसतिगृहातल्या ऐंशीच्या वर मुलींनी दलदलीवर हलणारे उजेड पाहिले. वायुदलाने हायनेकला पाठवलं. एव्हाना तो जवळजवळ वीस वर्षं हे काम करत होता आणि त्याच्या मनात शंका घर करू लागल्या होत्या. २५ मार्चला डेट्रॉइटच्या पत्रकार परिषदेत त्याने कुजलेल्या पालापाचोळ्यातून निघणाऱ्या, कधीकधी पेट घेणाऱ्या वायूची शक्यता मांडली. आपल्याकडे कोकणात कुणी 'चकवा' म्हणेल, कुणी 'भुताचे दिवे', त्यातलाच प्रकार. त्याने शक्यता म्हणूनच मांडली होती, हे त्याच्या निवेदनात आहे. पत्रकारांनी दोनच शब्द उचलले. 'दलदलीचा वायू' ही देशभर थट्टेची म्हण झाली. ते कुटुंब चिडलं, मुली चिडल्या, आणि मिशिगनचे तेव्हाचे खासदार, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी संसदेकडून चौकशीची मागणी केली. गंमत पाहा, वायुदलाने वीस वर्षांत लोकांना इतकी ठाम उत्तरं देऊन ठेवली होती की एका शास्त्रज्ञाने चाचपडत मांडलेला अंदाजही लोकांनी सरकारी निकाल म्हणूनच ऐकला.

१७ डिसेंबर १९६९ ला ब्लू बुक बंद केल्याची घोषणा झाली. एकूण नोंदी १२,६१८. न उकललेल्या ७०१. तबकडीवाले हा ७०१ चा आकडा देव्हाऱ्यात ठेवतात, शंकेखोर पहिला आकडा. माझं लक्ष मधल्या जवळपास बारा हजारांकडे जातं, कारण आर्नल्ड त्यांत आहे. उकललेल्यांत. 'मृगजळ' म्हणून.

लष्कराची बाजू घेणारे मित्र मला म्हणतात, अरे, सैन्य काय वेधशाळा आहे? त्याचं काम धोका आहे की नाही एवढं पाहणं. अगदी खरं. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने डिसेंबर २००९ मध्ये आपलं हे टेबल बंद केलं तेव्हा हेच सांगितलं, की पन्नासहून अधिक वर्षांत एकाही तक्रारीतून देशाला धोका असल्याचं निघालं नाही. पण नागरिक दारात येतो तो 'मी काय पाहिलं?' हे विचारायला. त्याला उत्तर मिळतं 'धोका नाही.' पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्याला 'साथीचा रोग नाही, जा' सांगण्यासारखं हे आहे. सैन्याने धोक्यापुरतं बोलून थांबावं, एवढंच माझं म्हणणं. 'धोका दिसत नाही. काय होतं ते आम्हाला ठरवता आलेलं नाही. कागद अमुक ठिकाणी आहेत.' तीन वाक्यं. यातलं मधलं वाक्य लिहायला गणवेशातल्या माणसाची लेखणी अडते, कारण आपल्या आकाशात काय उडतं हे माहीत नसणं त्याच्या दृष्टीने नामुष्की आहे.

फ्रान्सने म्हणूनच हे काम १९७७ मध्ये अंतराळ संस्थेकडे दिलं. जबानी घ्यायची ती जंडार्मने, म्हणजे त्यांच्या ग्रामीण पोलिसांनी. विश्लेषण करायचं शास्त्रज्ञांनी. आणि वर्गवारीत दोन वेगळे कप्पे. माहिती अपुरी म्हणून सांगता येत नाही तो एक, आणि माहिती भरपूर असूनही सांगता येत नाही तो दुसरा. २००७ पासून त्या फायली सगळ्यांना वाचायला खुल्या आहेत. दुसऱ्या कप्प्यात थोडीच प्रकरणं आहेत, आणि ती तिथे असल्यामुळे फ्रान्सची अब्रू गेलेली नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. २०१२-१३ मध्ये लडाखला सीमेवरच्या जवानांनीच आकाशात संशयास्पद दिवे पाहिले, चिनी ड्रोन असावेत म्हणून शेकडो नोंदी केल्या. लष्कराने रकाना स्वतः भरला नाही. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं. त्यांनी वेळ आणि दिशा ताडून सांगितलं, हे गुरू आणि शुक्र आहेत. यावर बातम्यांत हशा झाला. मला हसू आलं नाही. विरळ हवेत, त्या उंचीवर, डोळ्यात तेल घालून पहारा करणाऱ्याला शुक्र केवढा दिसतो हे गच्चीवरून सांगू नये. आणि ते गुरू-शुक्र ठरले कशामुळे? जवानांनी तारीख, वेळ, दिशा टिपून ठेवली होती म्हणून.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात लोकांनी आकाशातून जळत जाणारे पट्टे पाहिले आणि मोबाइल वर केले. वाहिन्यांवर उल्केपासून विमानापर्यंत सगळं होऊन गेलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं, आसपासच्या गावांत धातूचे गोळे. पोलिसांनी ते ताब्यात घेतलं, इस्रोची माणसं पाहायला आली. वेळ आणि मार्ग जुळवून खगोलतज्ज्ञांनी सांगितलं की आदल्या वर्षी उडालेल्या एका चिनी रॉकेटचा तो परतताना जळलेला भाग असावा. कड्याला हात लावून पाहणाऱ्या गावकऱ्यांपैकी कुणी सुरुवातीला त्याला काय म्हटलं असेल ते असो. ठाण्यात नोंद करणाऱ्याला तेवढ्या रात्री लिहिता येण्यासारखं एकच होतं: गोलाकार धातूची वस्तू.

तुम्हालाही कधीतरी दिसेल. हल्ली उपग्रहांच्या माळाच्या माळा संध्याकाळी डोक्यावरून जातात, त्यामुळे लवकरच दिसेल. तेव्हा आधी घड्याळ पाहा. दिशा लक्षात ठेवा. शेजारच्या झाडाशी, टाकीशी, खांबाशी लावून ठेवा. हात लांब करून मूठ धरा, क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते मोजा. किती सेकंद दिसलं, आवाज आला का, ते लिहा. किती मोठं आणि किती लांब, हे लिहू नका. ते तुम्हाला कळलेलं नाही. आणि 'काय होतं' हा रकाना कुणी भरून मागितला, अगदी साहेबाने मागितला, तरी कोरा सोडा.